काळं पिल्लू, राखाडी कुत्री

प्रिय नाना,

तुला जाऊन दीड वर्ष होत आलं आणि मी आज पत्राला बसलेय. जिवंत होतास तेव्हा चार वर्षं साधं पोस्टकार्ड टाकलं नाही, आणि आता ना पत्ता, ना पोस्टमन! बाहेरच्या खोलीतून यांनी विचारलं, एवढं कुणाला लिहितेस? म्हटलं, नानाला. हे उठून स्वयंपाकघरात गेले. थोड्या वेळानं चहा करून माझ्यापुढे ठेवला आणि पेपर घेऊन बसले.

लिहायचं कारण असं की काल मी तुझ्या घरी गेले होते. जळगावहून धुळे, धुळ्याहून सोनगीर, तिथून शिंदखेड्याच्या गाडीनं फाट्यापर्यंत आणि पुढे पायी. वहिनीला भेटायला गेले असं सगळ्यांना सांगितलं. खरं म्हणजे मी तुझी चोरी पकडायला निघाले होते, नाना. तू गेलास, पण माझा संशय काही गेला नव्हता.

आता पहिल्यापासून ऐक. जिवंत होतास तेव्हा ऐकलंही असतंस, पण मी तेव्हा नुसती ओरडत होते.

काजळ आमच्याकडे आली तेव्हा आम्ही धुळ्यात होतो. इंदूरहून बदलून आलेल्या एका इंजिनिअरसाहेबांकडे पूडल जातीची कुत्री होती. पूडल हा शब्द मी तोवर ऐकलासुद्धा नव्हता. पिल्लांचा बाप पामेरियन. पिल्लं झाली आणि साहेबांची परत बदली निघाली, तेव्हा त्यांच्या मिसेसनी एक पिल्लू माझ्या ओंजळीत ठेवलं. काळं कुळकुळीत, अंगावर मऊ केस, आणि त्या केसांना वेणी सोडल्यावर पडतात तशा सैल लाटा. आम्हाला मूल नाही. त्यावरून लोक काय काय बोलायचे तेही तू ऐकलेलं आहेस. मी तिचं नाव काजळ ठेवलं आणि पहिल्या रात्रीपासून उशाशी घेऊन झोपले.

तू बघायला आलास आणि बैल बघावा तसं तिला बघितलंस! दात बघितले, पाय बघितले, शेपूट उचलून बघितली. मग म्हणालास, डाव्या डोळ्याच्या वर भोवरा आहे, नशिबाची निघेल. भोवऱ्याचं हे शास्त्र तूच मला लहानपणी शिकवलंस. जनावराचा रंग उन्हानं उडतो, शिंगं घासता येतात, पण केसांचा भोवरा मरेपर्यंत जागचा हलत नाही. कुणी जनावर बदललं तर भोवऱ्यावरून ओळखायचं. मी ते पदराला गाठ मारून ठेवलं होतं.

आणि मग यांची जळगावला बदली झाली. घरमालक म्हणाला, कुत्रं चालणार नाही. दुसरं घर मिळेपर्यंत काजळला कुठं ठेवायचं? तूच म्हणालास, माझ्याकडे ठेव, चार जनावरांत पाचवं. मी ठेवली. फाट्यापर्यंत मागे वळून बघत गेले. हे म्हणाले, अगं, पोर होस्टेलला टाकल्यासारखं काय करतेस? मी त्यांच्याशी पारोळ्यापर्यंत बोलले नाही.

तरी मनात एक पाल चुकचुकत होतीच. का चुकचुकू नये? माझ्या करडाचं काय केलंस तू? मी नऊ वर्षांची, तू पंधराचा. मी मामाकडे आठ दिवस गेले आणि तेवढ्यात तू बाजारात माझं करडू देऊन दुसरं घेऊन आलास. चांगल्या जातीचं होतं, दूध जास्त देणार होतं, सगळं कबूल. पण मला सांगायचं की नाही? मी विचारलं, हिचे कान एवढे लांब कसे? तू पायाच्या अंगठ्यानं माती उकरत म्हणालास, तीच आहे, कान वाढले तिचे. आणि मी दोन महिने विश्वास ठेवला! सगळ्या गल्लीला सांगत फिरले की आमच्या करडाचे कान वाढले. लोक पदर तोंडाला लावून हसायचे. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, नाना. ते दूध तूच पाजलेलं होतंस.

तर दहा महिन्यांनी आम्हाला तळमजल्याचं घर मिळालं. श्रावण होता, तुझ्याकडे चौरंगावर कानबाई देवी बसलेली. सगळे भाऊबंद जमले होते, लेकीबाळी माहेरी आलेल्या. मी पिशवीत काजळसाठी नवा पट्टा घेऊन उतरले. ओट्यावरूनच हाक मारली, काजळ!

आणि गोठ्यातून एक राखाडी कुत्री बाहेर आली.

राखाडी! चुलीतल्या राखेच्या रंगाची. केस तर असे घट्ट आवळलेले की मेंढीचं कोकरू वाटावं. माझ्याकडे बघितलं, नाक फेंदारलं आणि तुझ्या धोतराआड जाऊन गुरगुरली. मी विचारलं, ही कुणाची? तू म्हणालास, तुझीच.

तू सांगत होतास की हळूहळू रंग उतरला. केसांच्या जटा झाल्या, कानामागे आणि काखेत इतक्या घट्ट की तिला चालता येईना. मग रानात मेंढ्या घेऊन उतरलेल्या ठेलाऱ्याकडे नेली आणि त्यानं मेंढ्यांच्या कातरीनं तिची लोकर उतरवली. नंतर आले ते केस हे असे आले. मी म्हटलं, तो ठेलारी कुठं आहे, बोलव. तू म्हणालास, तो मेंढ्या घेऊन पुढे गेला. वा! साक्षीदार गेला रानोमाळ आणि पुरावा गेला कातरीखाली! मला तर सगळं चित्र डोळ्यांपुढे दिसलं. माझी काजळ मेली किंवा तू कुणाला दिलीस, आणि ठेलाऱ्याच्या वाड्यावरून हे धूड आणून माझ्या गळ्यात मारतोयस.

मग मी भोवरा विचारला. तू खाली बसलास, तिच्या कपाळावरची लोकर दोन्ही अंगठ्यांनी फाकवलीस आणि म्हणालास, बघ. मी वाकले. नाना, मला तर सगळीकडे भोवरेच दिसले! कुरळ्या केसांत जिथं बोट घालावं तिथं गोल. आणि खरं सांगू? मी नीट बघितलंच नाही. ती मला बघून गुरगुरली होती ना, त्यानं माझ्या काळजाला घरं पडली होती. दहा महिन्यांत मला विसरली हे मानण्यापेक्षा ती काजळ नाहीच, हे मानणं सोपं होतं. हे आज कळतंय. तेव्हा कुठलं?

"हाई तीच शे, सुमन," तू म्हणालास. "रंग उतरना तिना. दुसरं काही नही."

कान वाढले, तसा रंग उतरला! माझं डोकंच फिरलं. सगळ्यांसमोर तुझं मनगट धरलं आणि चौरंगाकडे बोट दाखवून म्हटलं, खरं असेल तर घे कानबाईची आण. घरातली गाणी थांबली. वहिनी हातातलं पीठ तसंच घेऊन दारात आली. भाऊबंदांतल्या वडीलधाऱ्या आबांनी डोळ्यांनी मला गप्प बस म्हणून खुणावलं. सगळे तुझ्याकडे बघत होते.

तू माझा हात हळूच सोडवलास.

"कुत्रासाठे मी कानबाईनी आन लेत नही."

संपलं! खरा माणूस आण घ्यायला कशाला कचरेल? चोराच्या मनात चांदणं. मी पट्टा पिशवीत टाकला, कुत्री तिथंच सोडली आणि पाणीसुद्धा न घेता फाट्यावर येऊन बसले. तू मागे येशील असं वाटलं होतं. का नाही आलास रे?

त्यानंतर चार वर्षं. राखी पाठवली नाही. तुझी पत्रं आली, ती यांनी वाचली. एका भाऊबीजेला मात्र तू आपणहून जळगावला आलास, दादर ज्वारीची गोणी खांद्यावर घेऊन. दारातून परत कशी पाठवू? मी ओवाळलं, फराळाचं दिलं, पण एक शब्द बोलले नाही. तू यांच्याशी कापसाबद्दल बोललास, गुरांच्या दवाखान्याबद्दल बोललास, मधून मधून माझ्याकडे बघितलंस आणि चारच्या गाडीनं गेलास.

त्या दिवशी तू गेल्यावर मी काय केलं सांगू? तुझ्या खुर्चीवरचं कापड उजेडात नेऊन बघितलं. तुझ्या टोपीकडे, धोतराकडे तर मी तू असतानाच बघून घेतलं होतं. एक केस नाही! म्हटलं, घरात एवढी झिपरी कुत्री असती तर या माणसाच्या अंगावर एकतरी केस सापडायला नको? म्हणजे ती राखाडीसुद्धा यानं फुंकली. भावाच्या पाठीमागे त्याची खुर्ची हुंगणारी बहीण बघितलीयस कधी?

मग तुझ्या छातीत कळ आली, आणि धुळ्याला नेईपर्यंत सगळं आटोपलं. मला तार मिळाली तेव्हा मी तांदूळ निवडत होते. आले तेव्हा तुला बाहेर काढून ठेवलं होतं. ती राखाडी ओट्याखाली बसलेली, पोटाशी होती. म्हणजे होती घरातच. मी रडत होते, नाना, मनापासून रडत होते, आणि रडता रडता माझी नजर तिच्या कपाळावर जात होती. अशा वेळीसुद्धा! कुठून आणला मी हा स्वभाव?

तीनेक महिन्यांनी वहिनी जळगावला आली, एकटी, एसटीनं, मांडीवर टोपली घेऊन. टोपलीत फडक्याखाली एक पिल्लू. काळं कुळकुळीत, मऊ, सैल लाटांचं! मला वाटलं, वेळ उलटी फिरली. वहिनीनं सांगितलं, राखाडीला चार झाली. एक गावठी कुत्र्यासारखं गुळगुळीत, दोन सरळ राठ केसांची आणि दाढीवाली, आणि हे एक असं. तू आजारी वगैरे काही नव्हतास, सहज गोठ्यात बसून वहिनीला म्हणून ठेवलं होतंस. "काळं पिल्लू व्हयनं तर सुमनले देजो. बाकी काही बोलजो नको." वहिनीनं एवढं सांगितलं आणि खरोखर बाकी काही बोलली नाही. संध्याकाळच्या गाडीनं परत गेली.

मला काय वाटलं असेल? आधी संशयच आला. मेल्यावर तोंड बंद करायला पिल्लू पाठवलं, म्हटलं. टोपली दोन दिवस दाराशीच ठेवली. तिसऱ्या दिवशी ते पिल्लू माझ्या पायाच्या बोटावर हनुवटी ठेवून झोपलं आणि मी हरले. पण नाव ठेवताना शहाणी झाले होते. रंगावरून ठेवायचं नाही. ठमी ठेवलं.

पाचव्या-सहाव्या महिन्यात ठमीच्या तोंडाभोवती पांढरट केस दिसायला लागले. मग पंजांवर. मला पहिली शंका कुणाची आली असेल? शेजारच्या बाईंची! त्यांच्या भाच्याकडे कुत्री होती. मी बाजारात गेले की या पिल्लू बदलत असतील, असं मला चक्क वाटलं. मी बाहेरच्या दाराला कुलूप लावून भाजीला जायला लागले. हे म्हणाले, सुमन, बाईंना दुसरे उद्योग नाहीत का? पण मी ऐकते होय? एक महिना ठमीला नजरेआड केलं नाही. आणि माझ्या डोळ्यांदेखत, रोजच्या रोज, ती राखाडी होत गेली.

मग केसांच्या गाठी झाल्या. वरून कंगवा फिरायचा, वर सगळं छान दिसायचं, आणि खाली कातडीशी लोकरीचा घट्ट नमदा! कानामागे, काखेत. अगदी तू सांगितलं होतंस तिथंच. मी तिला गुरांच्या दवाखान्यात नेलं. तिथले डॉक्टर तरुण आहेत, हसरे. त्यांनी कातर चालवता चालवता मला समजावलं. या जातीत लहानपणचे केस वेगळे आणि मोठेपणचे वेगळे. जावळ जातं आणि लोकर येते, आणि त्या बदलात जुने केस नव्यात अडकून जटा होतात. हे केस गळून खाली पडत नाहीत, आतच अडकतात, म्हणून कातडीपर्यंत विंचरायचं, नाहीतर सरळ कातरायचं. काही घराण्यांत काळा रंग वर्ष-दीड वर्षात राखेवर येतो. मिसळ जातीत तर काहीच सांगता येत नाही, एकाच वेतातलं एक सरळ केसांचं, एक लाटांचं, एक लोकरीचं. एका आईची पोरं सारखी असतात का, म्हणाले.

तुझं धोतर, तुझी खुर्ची, तो ठेलारी, सगळं एकेक करून माझ्यासमोर येत होतं. तरी माझी जीभ बघ! विचारलं काय, तर म्हटलं, आणि कपाळावरचा भोवरा? तो जातो का? डॉक्टर म्हणाले, भोवरा कुठं जातोय, तो कातडीत असतो. लोकरीत दिसत नाही एवढंच. पाण्यानं चिंब भिजवा, केस चपटे बसले की दिसेल.

घरी येऊन मी ठमीच्या मानेवर, जिथं लहानपणी भोवरा होता तिथं, तांब्याभर पाणी ओतलं. खरंच दिसला. स्वच्छ, मळसूत्रासारखा.

म्हणजे आता पडताळा घेता येणार होता! ठमी राखाडी झाली यानं एवढंच ठरत होतं की तू खरं बोलला असशील. बोललासच, हे कुठं ठरत होतं? तुझी राखाडी अजून आहे. तिच्या कपाळावर पाणी टाकायचं की झाला निकाल. म्हणून मी काल गेले.

वहिनीनं भाकरी टाकली, शेवग्याची भाजी केली. राखाडी मागच्या अंगणात पडली होती, उठली आणि आली. गुरगुरली नाही. मी पाण्याचा तांब्या मागितला. वहिनीनं तांब्या दिला, मग माझ्याकडे बघितलं, मग कुत्रीकडे. सगळं समजली ती. शेजारी बसली आणि म्हणाली, ताई, तुम्ही गेल्या त्या दिवशी मी यांच्यावर चिडले होते. म्हटलं, खरं होतं तर आण घ्यायला काय जात होतं? तेव्हा तू काय म्हणालास ते तिनं मला तुझ्याच शब्दांत सांगितलं.

"मी आन लेतू तर ती मानी लेती. पन मंग तिना इश्वास कानबाईवर ऱ्हाता. मन्हावर कोठे ऱ्हाता?"

नाना. नाना रे.

आण घेतली असती तर मी मानलं असतं, पण ते कानबाईला मानलं असतं, तुला नाही. आणि मी तर तुलाच मानायला हवं होतं. देवी नको, ठेलारी नको, भोवरा नको. भाऊ म्हणतोय, एवढ्यावर. मी त्या करडाची शिक्षा तुला तीस वर्षांनी दिली. आणि तू चार वर्षं ती भोगलीस, दादरची गोणी घेऊन दारात आलास, आणि एकदाही म्हणाला नाहीस की भिजवून बघ. जनावरांतला एवढा जाणता माणूस! तुला हे ठाऊक नव्हतं? ठाऊक होतंच. मग एक तांब्या पाणी का नाही ओतलंस? याचा मला राग आहे, आणि तो राहणार. एवढा ताठा बहिणीशी धरतात का?

पाणी मी प्यायले. तांब्या रिकामा करून वहिनीला दिला आणि गाडीची वेळ झाली म्हणून उठले. राखाडी माझ्या मागे मागे फाट्यापर्यंत आली. गाडी येईपर्यंत माझ्या चपलेशी बसून राहिली, आणि मी तिला काजळ म्हणून हाक मारली.

हात शिवशिवत होता, नाना. आजही शिवशिवतोय. माझा स्वभाव काही एका दिवसात जायचा नाही. येत्या श्रावणात मी कानबाईला येणार आहे, आणि ज्यांच्यासमोर तुझं मनगट धरलं होतं त्या सगळ्यांसमोर सांगणार आहे की नाना खरं बोलत होता. कुणीतरी विचारेलच, तुला काय पुरावा मिळाला? भाऊबंदच ते! मी म्हणेन, काही नाही, त्यानं सांगितलं होतं. आणि काजळ जगेल तोवर मी तिला विंचरीन, खाऊ घालीन, मांडीवर घेईन, पण तिच्या कपाळावरची लोकर बाजूला करून कधीही बघणार नाही. हे माझं तुला वचन. आण नाही घेत.

तुझी,
सुमन